दोन्ही टोकांची वही

संपादकांचे पत्र आले ते आषाढात. 'नव्या कादंबरीतले एखादे प्रकरण दिवाळी अंकासाठी पाठवा,' असे त्यात होते. मी लगेच 'पाठवते' म्हणून कळवूनही टाकले. मग श्रावण गेला, गणपती आले नि गेले, पितृपंधरवडा सरला, पण प्रकरण काही पोचले नाही. संपादकांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी म्हणाले, "घरात लग्न होतं हो!" लग्न झाले वैशाखात. वैशाखातल्या लग्नाची सबब भाद्रपदात चालत नाही, हे शाळामास्तरणीला कळायला हवे. मुलांच्या असल्या सबबी मी रोज ऐकते. तेव्हा आता प्रकरणाऐवजी ते का लिहून होत नाही, याचीच हकीगत पाठवते.

आरंभ वहीपासून करावा लागेल.

आम्ही सांगलीचे. म्हणजे हळदीच्या गावचे. माझे यजमान हळदीच्या बाजारात एका अडत दुकानावर दिवाणजी होते. राजापुरी कुठली नि सेलम कुठली, हे हळकुंड मोडून त्याच्या आतल्या रंगावरून ते सांगत. सौद्याच्या दिवसांत ते घरी आले की उंबऱ्यातच हळदीचा वास येई. सदऱ्यांच्या कॉलरी मी किती घासल्या असतील, पण तो पिवळेपणा कधी गेला नाही. दुकानात दर दिवाळीला वहीपूजनासाठी नव्या वह्या येत. लाल कापडी बांधणीच्या, लांबट, जाड कागदाच्या. त्यांतली एखादी जास्तीची वही हे मालकांना विचारून माझ्यासाठी घेऊन येत. मी दहावीपर्यंत शिकले, पुढे चित्रकला-शिक्षिकेचा अभ्यासक्रम केला आणि शाळेला लागले. कादंबरी लिहिणारी बाई म्हणून चारचौघांत ओळखले जावे इतके काही माझे शिक्षण नाही. पण घरात कोरी वही असली की माणसाला काहीतरी लिहावेसे वाटते. पहिल्या दोन्ही कादंबऱ्या मी त्या वह्यांतच लिहिल्या. त्यांच्या पानांनाही हळदीचा वास होता.

२०१२ साली हे गेले. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. पुढेही काही वर्षे दुकानाच्या मालकांनी पाडव्याला न चुकता एक वही घरी पाठवली. नंतर दुकानात संगणक आला आणि वह्याच बंद झाल्या. शेवटची वही मी पुष्कळ दिवस जपून ठेवली होती. ही तिसरी कादंबरी मी त्या वहीत सुरू केली.

निम्मी वही भरली आणि लेकीचे लग्न ठरले.

सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. शिक्षण मराठी चौथी, अक्षर मोत्यासारखे, आणि काटकसर अशी की काडेपेटीतली जळकी काडीसुद्धा दुसऱ्या शेगडीसाठी ठेवतील. लग्नाचा खर्च मांडायला मी नवी वही आणते म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "ही निम्मी कोरी पडलीये की! नवी कशाला?" आणि त्यांनी माझी वही उलटी करून मागच्या टोकाने सुरुवात केली. पहिल्या पानावर 'श्री', खाली 'हळकुंडे, सुपाऱ्या, खोबरे'. झाले! तेव्हापासून एका टोकाने कादंबरी आणि दुसऱ्या टोकाने लग्न अशी एकाच वहीत दोन कामे चालू झाली. पहाटे चार ते सहा वही माझी, सकाळी आठनंतर सासूबाईंची.

पहाटे चारची वेळ सांगायला बरी वाटते. लग्नघरात पहाटे चारला कोण कोण उठते, हे ज्याच्या घरी लग्न झाले आहे त्याने आठवून पाहावे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. मी शाळेत मुलांना हे सांगते तेव्हा मुले गुरुजींच्या प्रतिभेने थक्क होतात. मला मात्र अलीकडे त्यांच्या तुरुंगाचा हेवा वाटू लागला होता. तुरुंगात हालअपेष्टा असतील, पण केळवणे नसतात. आमच्या लेकीला चैत्रात एकवीस केळवणे झाली. 'मुलीच्या आईनं यायलाच हवं' असा प्रत्येकाचा आग्रह. एकवीस घरचा श्रीखंड-पुरीचा स्वयंपाक जेवून आलेल्या बाईची नायिका संध्याकाळी उपाशी कशी झोपायची?

शिवाय घरात कादंबरी लिहिणारी बाई असली की तिचा लग्नात नेमका काय उपयोग, याविषयी नातेवाइकांच्या कल्पना ठाम असतात. पत्रिकेचा मजकूर तिने करायचा आणि मंगलाष्टका तिने रचायच्या. मी गद्य लिहिते, असे सांगून पाहिले. चुलत नणंद म्हणाली, "तेच ते, जरा चालीत लिही." मंगलाष्टक म्हणजे शार्दूलविक्रीडित. एका ओळीत एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती. त्यात दोन्हीकडच्या आजी-आजोबांची, मामा-मावश्यांची नावे बसवायची. आत्याबाईंच्या यजमानांचे नाव काही केल्या बसेना. दर वेळी ते त्या बाराव्या अक्षरावर आपटून दुभंगायचे. शेवटी मी त्यांना 'काका' करून टाकले. ते अजून रुसलेले आहेत.

शाळेतही सुटका नव्हती. आठवीच्या वर्गाला स्मरणचित्रासाठी मी 'लग्नघर' हा विषय दिला. डोक्यात दुसरे काही नव्हतेच. चाळीस कागदांपैकी तीसएक कागदांवर डीजेच्या भिंती काढलेल्या, आणि त्यांच्या पायथ्याशी कुठेतरी मुंगीएवढे नवरा-नवरी. प्रमाण चुकले म्हणून गुण कापायला घेतले, मग वाटले की पोरांचे प्रमाण चुकलेले नाही. त्यांनी पाहिले तेच काढले आहे.

हे सगळे हसण्यावारी गेले. गेले नाही ते पुढेच आहे.

याद्या करायला दोन्ही घरची माणसे आमच्याकडे बसली होती. देणे-घेणे काही नव्हतेच. व्याही माणसे भली. कार्यालय ठरले, जेवणाची पाने ठरली, आणि बोलता बोलता थोरले दीर म्हणाले, "कन्यादानाला मी नि ही बसतो." 'ही' म्हणजे माझ्या जाऊबाई. दिरांना आम्ही दादा म्हणतो. दादांच्या बोलण्यात काही खोच नव्हती. विधवेने कन्यादानाला बसायचे नसते, तिथे जोडपे लागते. हे घरात सगळ्यांना इतके ठाऊक होते की त्यावर बोलण्यासारखे काही आहे, असे कुणाच्या मनातही आले नाही. माझ्याही आले नाही. मी म्हणाले, "हो, बसा की," आणि कपांत चहा ओतला.

आता त्याच दिवशी पहाटे मी वहीच्या पुढच्या टोकाला काय लिहिले होते, ते सांगायला हवे. माझ्या कादंबरीची नायिका नवरा गेलेली आहे. तिच्या मुलीचे लग्न आहे. भरल्या मांडवात ती उठून उभी राहते आणि म्हणते, 'माझ्या मुलीला मी वाढवलं, कन्यादानही मीच करणार.' मांडवात शांतता पसरते, मग कोपऱ्यातून कुणीतरी टाळी वाजवते, मग सगळा मांडव टाळ्या वाजवतो. एक दुष्ट म्हातारी सासू तेवढी तोंड फिरवून निघून जाते. चार पाने झाली होती. लिहून झाल्यावर मला रडू आले होते. चांगले उतरले, या आनंदाचे ते रडू होते.

माझे हस्तलिखित लेक संगणकावर उतरवून देते. त्या रात्री सगळे निजल्यावर तिने तो संगणक माझ्यापुढे आणून ठेवला.

"आई, हे वाच."

"माझंच तर आहे."

"म्हणूनच वाच. तुझी नायिका मांडवात उठून उभी राहते नि तू चहा देतेस?"

मी तिला समजावू लागले. कादंबरीतल्या बाईला कार्यालयाची उचल द्यायची नसते. ती उचल दादांनी दिली होती, हे तुला ठाऊक आहे. कादंबरीतल्या बाईच्या दिराने तिच्यासाठी काही केलेले नसते. माझ्या दिराने केले आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा चढली, आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले, आमच्या घरात कमरेएवढे पाणी, तेव्हा कोण आले होते? दादांनी आधी आजीला पाठीवर घेऊन माडीवर नेले आणि मग माझ्या वह्यांची पत्र्याची पेटी. स्वतःच्या घरातला दूरदर्शन-संच त्यांनी पाण्यात जाऊ दिला. त्या माणसाला मी मांडवात उठून काय सांगू?

लेक ऐकत होती. मग म्हणाली, "मला तर ते दानच पटत नाही. देणार कोण यावर तुमचं चाललंय. द्यायचंच कशाला, हे कुणी विचारत नाही. पण तुमच्या सगळ्यांची हौस आहे तर असू दे. मात्र दुसऱ्या कुणी माझा हात दिला, तर तुझी ती चार पानं मी उतरवून देणार नाही." आणि ती निजायला गेली.

शिक्षकाच्या पोटी असली मुले निघतात. पाठ केलेले नेमके परीक्षेच्या वेळी विचारतात.

त्या रात्री झोप आली नाही. आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे पहिले नाटक केले ते 'सीतास्वयंवर'. म्हणजे मराठी रंगभूमीचा नारळच एका लग्नाने फुटला. जवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांची 'शारदा' १८९९ ची. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीसाठी त्या काळी लोक नाटकगृहात रडले असतील, आणि त्यांतले काही घरी जाऊन आपल्या पोरीसाठी बिजवराचे स्थळ बघत बसले असतील. विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ साली. इथून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली ठराव केला की नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. त्या ठरावाची बातमी मी शाळेच्या फळ्यावर लिहिली होती. रंगीत खडूने. मला फळ्यावर लिहिता येत होते, वहीत लिहिता येत होते. दादांशी बोलता येत नव्हते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गुरुजींकडे गेले. वाटले होते, ते 'शास्त्राला धरून नाही' म्हणतील, की मग मी सुटले. आपल्या भित्रेपणाला शास्त्राचा आधार मिळाला तर कुणाला नको असतो? गुरुजी तपकीर ओढत म्हणाले, "याज्ञवल्क्यांनी कन्या कुणी द्यावी त्याचा क्रम सांगितलाय. बाप, आजोबा, भाऊ, मग कुळातला कुणी, आणि मग आई."

"म्हणजे शेवटचा नंबर," मी म्हणाले.

"शेवटचा का होईना, नंबर आहे. यादीत नाव आहे म्हटल्यावर मला हरकत घेता येत नाही. बाकी लग्न पुरं होतं ते सातव्या पावलाला. सरकारच्या १९५५ च्या कायद्यातही सप्तपदीच आहे, कन्यादानाचं नाव नाही. तुम्ही काय ते घरात ठरवा."

घरात ठरवायचे होते तेच तर अवघड होते.

आठवडाभर मी काहीच ठरवले नाही. लिहिणेही थांबले. पहाटे उठून वही उघडायची, ती चार पाने वाचायची आणि मिटून ठेवायची. पूर्वी वाचताना रडू यायचे, आता लाज वाटायची. मग एका दुपारी सासूबाई वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या. शेवयांचा हिशेब विचारतील असे वाटले. त्या म्हणाल्या, "तुझ्या ह्या पुस्तकातली म्हातारी फार दुष्ट आहे गं. तिला निदान दात तरी ठेवायचेस."

माझ्या हातातली सुई बोटात गेली. वहीच्या दोन टोकांमधले अंतर किती थोडे आहे, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. खर्चाचे पान शोधताना त्यांनी वही दुसऱ्या टोकाने उघडली होती, आणि एकदा नव्हे, रोज.

"आई, ती तुम्ही नव्हे," मी म्हणाले.

"असू दे. सासू लिहायची म्हटल्यावर दुसरी आणणार कुठून?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी मला नणंदेच्या लग्नाची गोष्ट सांगितली. पंचवीस वर्षे मी त्या घरात आहे. ती गोष्ट मी तोवर ऐकली नव्हती.

नणंदेचे लग्न झाले १९८८ साली. सासरे त्याआधी चार वर्षे गेलेले. कन्यादानाला चुलत सासरे आणि त्यांची बायको बसली. सासूबाई तेव्हा कोठीत होत्या.

"गुळाची ढेप फोडत होते. कोठीत जा, असं मला कुणी म्हणालं नव्हतं हो. कुणाचं नाव घेऊ नये. मीच गेले. मंगलाष्टकं सुरू झाली तसा बत्ता खाली ठेवला, कारण आवाज बाहेर गेला असता. दाराच्या फटीतून अंतरपाट दिसत होता, आणि पोरीची पाठ. तोंड नाही दिसलं. अक्षता होत्या माझ्या मुठीत, त्या मी तिथंच दारावर टाकल्या. नंतर वेचून घेतल्या. गुळात गेल्या असत्या."

मी काय बोलणार? त्याच पुढे म्हणाल्या, "तू बसलीस तर बरंच आहे. मी काही तोंड फिरवून जाणार नाही. पण तू बसलीस आणि काही झालं नाही, म्हणजे मग मीही बसले असते तरी चाललं असतं. असंच ना?"

त्यांनी हे भांडणाच्या सुरात विचारले नव्हते. हिशेबात चूक सापडल्यावर विचारतात तसे विचारले होते. सदतीस वर्षांपूर्वीची चूक. माझ्याजवळ उत्तर नव्हते; आजही नाही. मी म्हणाले, "आई, तुम्ही माझ्याजवळ बसा. आपण दोघी बसू."

"छे! माझी पोर केव्हाच गेली सासरी. तुझ्या पोरीवर माझी हौस भागवून कसं चालेल?" आणि वही उघडून त्यांनी शेवयांचा हिशेब काढला.

संध्याकाळी मी दादांकडे गेले. वाटेत तीन वेळा वाक्य जुळवले. तिन्ही कादंबरीतल्यासारखी वाटली. शेवटी मी नुसतेच म्हणाले, "दादा, कन्यादानाला मी बसीन म्हणते." दादा पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "ते हेरवाडसारखं का? बरं. आईला विचारलंस?" मी हो म्हणाले. "मग माझं काय असणार?" ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा उचलला. पण त्यांनी पान उलटलेले मी पाहिले नाही.

मी ज्याची धास्ती घेतली होती ते एवढ्यात आटपले. आणि ज्याची मी धास्ती घेतलीच नव्हती, ते स्वयंपाकघरात बसले होते. जाऊबाई पापड लाटत होत्या. माझ्याच लेकीच्या लग्नाचे पापड. त्यांना ऐकू गेले होते. त्यांनी मान वर केली नाही. पोळपाटाशेजारी एक खोके होते. त्यात नवा शालू होता, मोरपंखी, रुंद काठाचा. कन्यादानासाठी घेतलेला.

जाऊबाईंना दोन मुलगे. मुलगी नाही. मुलगी व्हावी म्हणून त्यांनी केलेले नवस मला ठाऊक होते. कन्यादान हे मोठे पुण्य असे ज्या घरात लहानपणापासून ऐकले, त्या घरातली ती बाई. तिच्या आयुष्यात ते पुण्य एकदाच दाराशी आले होते, आणि ते मी परत नेत होते. माझ्या चार पानांत हिच्यासाठी एक ओळ नव्हती. दुष्ट सासू होती, टाळ्या वाजवणारा मांडव होता. पण शालू घेऊन बसलेली जाऊ नव्हती. मी पंधरा वर्षे कादंबऱ्या लिहिते. माणसांची मने ओळखते, असे माझ्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेले आहे.

मी लाटणे घेऊन त्यांच्यासमोर बसले. आम्ही दोघींनी मिळून शंभरावर पापड लाटले. दोघीही बोललो नाही.

लग्नाचा दिवस सगळ्या लग्नांच्या दिवसांसारखाच गेला, म्हणजे कसा गेला ते कळले नाही. आदल्या दिवशी घाणा भरायला पाच सुवासिनी बसल्या. मुसळाने हळकुंडे कुटली, त्यांचा वास उठला आणि मी उठून मागच्या अंगणात गेले. कुणी मला जा म्हटले नव्हते. सासूबाईंचे वाक्य आठवले आणि मी परत येऊन दारात उभी राहिले. पण कुटायला बसले नाही. एका दिवसात माणसाच्याने किती होणार?

कन्यादानाला मी पाटावर बसले. मांडवात शांतता पसरली नाही. मुले धावत होती, कुणीतरी पंख्याची दिशा बदला म्हणून ओरडत होते, मागच्या रांगेत आइस्क्रीमची चौकशी चालली होती. निम्म्या लोकांना पाटावर कोण बसले आहे, हे दिसतही नव्हते. चित्रकारांचे पडदे, त्यांचे दिवे, आणि त्यांच्या पाठी. माझे हात कापत होते. जावयांची ओंजळ, तीत लेकीची, तीवर माझा हात, आणि खाली काशाचे पात्र. गुरुजींनी मंत्र सुरू केला आणि ते थांबले.

"पाण्याची धार कुणी धरायची?"

हे कुणाच्या लक्षातच आले नव्हते. बाप हात देतो, आई पाणी घालते. त्याला माणसे दोन लागतात. माझ्या नायिकेने भरल्या मांडवात एकटीने कन्यादान केले होते ते कसे केले, कोण जाणे! तिला तिसरा हात असणार.

मी मागे वळून पाहिले. कोठीच्या दारात सासूबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभ्या होत्या. दारात, आत नव्हे. त्यांनी मला पाहिले आणि हनुवटीने उजवीकडे दाखवले. तिथे खांबाशी जाऊबाई होत्या. नेसायचा की नाही, असे करीत अखेर त्यांनी तो मोरपंखी शालू नेसलेला होता.

"जाऊबाई, या," मी म्हणाले.

त्या आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी कलश उचलला आणि धार धरली. धार कसली, सगळा कलशच ओतला. लेकीची ओंजळ भरली, माझी कोपरे भिजली, शालूचा काठ भिजला. गुरुजी म्हणाले, "हळू, हळू," आणि लेक एवढ्या गंभीर वेळी फिस्सकन हसली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बँडवाल्याने खुणेचा गैरसमज करून मधेच दोन सूर वाजवले आणि थांबवले.

जाऊबाईंचे आणि माझे पुढे नीट झाले, असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. वर्षे एकत्र काढलेली माणसे. बोलणे चालू आहे, येणे-जाणे चालू आहे. पण मधे एक गाठ राहिली आहे. त्या दिवसाचा विषय निघाला की त्या उठून चहा ठेवायला जातात. आता चहा त्यांच्याकडे गेला.

पाठवणीनंतर चार दिवसांनी मी पहाटे वही उघडली आणि ती चार पाने फाडली. हळदीच्या वासाचा कागद फाडताना हात आखडतो, पण फाडली. पुन्हा लिहायला घेतले. म्हातारीला दात दिले. दात दिल्याबरोबर ती बोलू लागली, आणि बोलू लागल्यावर दुष्ट राहीना. दिराने चष्मा पुसला. एक जाऊ आपण होऊन गोष्टीत आली आणि शालूचे खोके उघडून बसली. आता कुणाला कोणाविरुद्ध उभे करावे, हेच कळेना. नायिका मांडवात उठून उभी राहिली की मला वाटते, बाई, तू आधी खाली बस आणि पाणी कोण घालणार ते बघ. दुसरा खर्डा झाला, तिसरा झाला. प्रकरण पुरे होत नाही ते यामुळे. वि. स. खांडेकर आमच्या सांगलीत जन्मले आणि शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या घरी त्या काळात किती लग्ने निघाली, हे कुणीतरी शोधून काढायला हवे.

दरम्यान दोन्ही टोके वहीच्या मध्यावर येऊन भिडली. एका पानावर वरच्या अंगाला माझा तिसरा खर्डा अर्ध्या वाक्यावर थांबला आहे, आणि समोरच्या पानावर, उलट्या बाजूने, सासूबाईंची शेवटची नोंद आहे: 'सुपाऱ्या मोजल्या. दोन कमी.'

त्या दोन सुपाऱ्यांचा त्यांनी अजून नाद सोडलेला नाही.

लेक-जावई पहिल्या दिवाळसणाला यायचे आहेत. पाडव्याला नवी वही आणावी असे मी ठरवले आहे. बाजारात तसल्या लाल वह्या अजून मिळतात म्हणे. सासूबाईंना तेवढा धीर कुठला? काल त्यांनी फराळाची यादी काढायला घेतली. कोरे पान उरले नव्हते, म्हणून माझ्या तिसऱ्या खर्ड्याच्या समासात, जिथे नायिका उठून उभी राहते त्या ओळीला लागूनच त्यांनी लिहिले आहे: 'रवा बारीक, अडीच किलो. थोरलीला विचारणे.'